आत न येणाऱ्यासाठी

रस्त्याने जाताना आपण जितकी दारं ओलांडतो, त्यांतल्या फार थोड्या दारांतून आत शिरतो. बाकीची नुसती बाजूने सरकतात. तरी त्या दिवशीचं चालणं मजेचं झालं की जिवावर आलं, हे ठरतं त्या बाकीच्यांवरच. दुकानाचं तोंड सजवणारा मात्र डोळ्यांपुढे ठेवतो तो गिऱ्हाइकाला. त्याला पाटी दिसली पाहिजे, माल दिसला पाहिजे, दार सापडलं पाहिजे. ज्याला आज काही घ्यायचंच नाही, जो पुढे निघून जाणार आहे, त्याच्यासाठी या दर्शनी भागाने काय करावं, हा प्रश्न आराखड्यात कुठे लिहिलेला नसतो. मी बहुतेक वेळा या न येणाऱ्यांतलाच असतो, म्हणून हे लिखाण त्यांच्या बाजूने.

साधा हिशेब करू. बरा चालणारा माणूस तासाला पाच किलोमीटर जातो, म्हणजे मिनिटाला ऐंशीएक मीटर. वाटेतल्या गाळ्यांची तोंडं पाच-सहा मीटरची असली, तर दर चार-पाच सेकंदांना नवं दार, नवी काच, वेगळा रंग, कधी वेगळा वास समोर येतो. तेच तोंड साठ मीटरचं असलं तर पाऊण मिनिट एकच भिंत सोबतीला. पाऊण मिनिट कागदावर किरकोळ वाटतं. भर उन्हात खिडकी नसलेल्या भिंतीच्या कडेने चालताना ते किती लांबतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. दोन्हीकडे फूटपाथ तितकाच रुंद असतो, फरशी तीच असते, अंतरही तेच. तरी एका बाजूने माणूस चालतो आणि दुसऱ्या बाजूला आला की वाहन शोधतो.

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी हे मोजून दाखवलं. कोपनहेगनचा स्ट्रोयेट हा मुख्य रस्ता १९६२ मध्ये वाहनांना बंद झाला आणि त्यानंतरची कित्येक वर्षं ते आणि त्यांचे सहकारी रस्त्यांवर उभे राहून लोक काय करतात ते टिपत राहिले. कोण कुठे रेंगाळतो, कोण मान वळवतो, कोण थांबतो. त्यांनी इमारतींच्या तळमजल्यांची प्रतवारीच लावली. शंभर मीटर लांबीत १५ ते २० दारं असली तर वरची प्रत, दोन किंवा त्याहून कमी असली तर तळाची. कोपनहेगनमध्येच त्यांनी जिवंत आणि मुक्या तळमजल्यांची तुलना केली, तेव्हा जिवंत तळमजल्यासमोर एकूण हालचाल सातपट भरली. लोक तिथे हळू चालत होते, माना वळवत होते, थांबत होते. यात खरेदी करणारे आलेच, पण नुसते बघणारेही मोजले होते. मला त्यांचं कौतुक वाटतं ते याचसाठी.

दारांची संख्या हा इतका ओबडधोबड निकष कसा काय पुरतो, असं कुणी विचारेल. माझ्या मते पुरतो, कारण एका दारामागे कोणीतरी एक माणूस असतो. दार आहे म्हणजे कोणी सकाळी ते उघडतं, पुढची पायरी झाडतं, काच पुसतं, आल्यागेल्याकडे बघतं. वीस दारं म्हणजे रस्त्यावर वीस जणांचं लक्ष. बाकी सौंदर्य वगैरे त्यानंतर.

आराखडे काढणाऱ्यांबद्दल एक कुरकुर इथेच करून घेतो. इमारतीचं दर्शनी चित्र काढताना ती पूर्ण उंचीची काढतात. वरचे मजले, गच्चीची रेषा, मागे संध्याकाळचं आकाश. चालणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. चालताना मान किंचित खाली असते, कारण पाऊल कुठे पडतंय ते बघायचं असतं, आणि इमारत तर अगदी खांद्याला लागून असते. त्याच्या वाट्याला येतो तळमजला, फार तर पहिल्या मजल्याच्या खिडक्या. वीस मजल्यांची इमारत असो नाहीतर दोन, त्याच्यासाठी इमारत साडेचार मीटर उंचीचीच आहे. माझ्या हातात असतं तर मी असा दंडकच घातला असता की तळमजल्याचं चित्र मोठ्या मापात, फूटपाथच्या फरशीसकट, स्वतंत्र कागदावर काढल्याशिवाय वरच्या मजल्यांना हात लावायचा नाही. त्या कागदावर चौकटीची जाडी दाखवावी लागते, पायरी दाखवावी लागते, पावसाचं पाणी कुठे पडणार ते दाखवावं लागतं. मग लपवायला जागा राहत नाही.

दारं कमी होण्याचं कारण बहुधा सोपं असतं. शेजारचे चार गाळे एकानेच घेतले, मधल्या भिंती पाडल्या, तीन दारं बंद करून एक ठेवलं. त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच आहे. एक दार म्हणजे एक पहारेकरी, एक गल्ला. रस्त्याने मात्र तीन दारं गमावली. न्यूयॉर्कने मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइड भागात २०१२ मध्ये यावर नियम केला. अॅमस्टरडॅम आणि कोलंबस या दोन अॅव्हेन्यूंवर नव्या दुकानाचं तोंड ४० फुटांपेक्षा रुंद नको आणि बँकेचं २५ फुटांपेक्षा नको. आत, मागच्या बाजूला, हवं तेवढं पसरा. बँकेला वेगळा आकडा का, हे कुठल्याही बँकेसमोरून चालत गेलं की कळतं. धुरकट काच, एटीएमचं खोकं, व्याजदराचं पोस्टर. बघण्यासारखं काही नाही आणि बघत उभं राहिलं तर पहारेकऱ्याला आवडत नाही. नियमाची खुबी मला आवडते. धंदा किती मोठा करावा यात शहर पडत नाही, रस्त्याची लांबी किती अडवावी एवढ्यावरच बोट ठेवतं. मोठ्या दुकानाभोवती छोट्या गाळ्यांची एक रांग ठेवून त्याचं प्रचंड पोट त्यांच्यामागे लपवणं, ही याच विचाराची दुसरी तऱ्हा. जिथे ती केली जाते, तिथे रस्त्याने जाणाऱ्याला मागे काय आहे याचा पत्ताही लागत नाही.

आता काच. दर्शनी भाग आकर्षक करायचा म्हटलं की सगळ्यांना आधी काचच सुचते, आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथेच होते.

अठराव्या शतकात लंडनच्या दुकानांना लहान लहान तावदानं जोडून केलेल्या, रस्त्याकडे फुगलेल्या खिडक्या असत. एवढ्या फुगल्या की १७७४ च्या इमारत कायद्याने त्या किती बाहेर याव्यात यावर इंचांत मर्यादा घालावी लागली. पुढे ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब आले, भिंतीचा भार त्यांनी पेलला आणि खांबांमधली काच रुंद झाली. तरी मोठी सपाट काच महागच होती, कारण ती दोन्ही बाजूंनी घासून, पॉलिश करून घ्यावी लागे. वितळलेल्या कथलावर वितळलेली काच तरंगवून आपोआप सपाट करायची रीत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली आणि तिथून काच इतकी मुबलक झाली की भिंतच काचेची करणं परवडू लागलं. मग झालं असं की काच वाढली आणि दिसणं कमी झालं.

हे कसं, ते भर दुपारी कुठल्याही काचेच्या दुकानासमोर उभं राहून बघता येतं. साधी काच तिच्यावर समोरून पडलेल्या उजेडापैकी साधारण आठ टक्के परत फेकते. आठ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण उन्हातल्या रस्त्यावरचा उजेड आतल्या दिव्यांच्या कित्येक पट असतो, त्यामुळे त्याचे आठ टक्केही आतल्या उजेडाला पुरून उरतात. काचेत दिसतो समोरचा रस्ता, उभ्या केलेल्या गाड्या, आकाशाचा एक पांढरा तुकडा आणि मधोमध आपण. आतला माल या सगळ्याच्या मागे कुठेतरी बुडालेला. मग माणूस काय करतो? जवळ जातो, दोन्ही तळहात डोळ्यांच्या कडेला धरतो, काचेला कपाळ टेकवतो. आपल्या सावळ्या प्रतिबिंबातून त्याला आतलं दिसू लागतं. छज्जा किंवा कापडी छत नेमकं हेच काम करतं. ते आकाशाचं प्रतिबिंब अडवतं आणि बघणाऱ्याला सावलीत घेतं, म्हणजे कपाळ टेकवायची गरज उरत नाही. माल काचेच्या जवळ मांडला, त्याच्यावर स्वतंत्र दिवा सोडला आणि मागची भिंत फार काळी ठेवली नाही, की उरलेलं काम होतं. हे माहीत नसलेला दुकानदार दुपारभर आतले दिवे वाढवत राहतो आणि विजेचं बिल भरत राहतो.

ही सावली खरेदी न करणाऱ्यालाही मिळते. पाऊस आला की त्याच छताखाली पाच-सहा जण आडोशाला उभे राहतात. काही दुकानदारांना ते खपत नाही, आत येणाऱ्याची वाट अडते म्हणून. माझं म्हणणं आहे, अडू द्या. पाऊस असाही गिऱ्हाईक आणत नव्हता.

काच जमिनीपासून छतापर्यंत नेऊ नये, हे जुन्या सुतारांना न शिकवता ठाऊक होतं. खाली गुडघ्याच्या उंचीपर्यंत, म्हणजे अर्ध्या मीटरच्या आसपास, लाकडाची, दगडाची किंवा लाद्यांची भरीव पट्टी. बुटांच्या ठोकरा, झाडूचं पाणी, रस्त्यावरचा चिखल ती झेलते आणि माल उचलून नजरेच्या टप्प्यात आणते. काचेच्या डोक्यावर झडपांची एक ओळ, गरम हवा बाहेर जायला. मध्ये उभ्या पट्ट्या, म्हणजे एक तावदान तडकलं तर तेवढंच बदलता येतं. आजच्या अखंड काचेत यातलं काही नसतं. मग महिनाभरात आतून कपाटांच्या पाठी काचेला लागतात, त्या झाकायला चित्रं चिकटवली जातात, आणि आपण एका छापील भाजीच्या टोपलीच्या दहापट मोठ्या फोटोशेजारून चालू लागतो. नियमाच्या पुस्तकात ही काच 'पारदर्शक दर्शनी भाग' म्हणून मोजली जाते, ते वेगळंच.

याच्या उलट टोकाला, घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. तो काचेला खेटून बसतो, कारण त्याला दिवसाचा उजेड हवा असतो. डोळ्याला भिंग, चिमट्यात नखाएवढं चाक, पुढ्यात पांढऱ्या कागदावर ओळीने मांडलेले स्क्रू. त्याने प्रदर्शन मांडलेलं नसतं, तो कामाला बसलेला असतो. पण येणारे-जाणारे क्षणभर तरी थबकतात. शिवणारा, चामडं कापणारा, पाव भाजणारा, वाद्यं जुळवणारा, या सगळ्यांना हे लागू आहे. गाळ्याची आखणी करताना मी पहिला प्रश्न विचारीन तो हा की इथे हाताने काय काम होतं, आणि ते काम मागच्या खोलीतून पुढे आणता येईल का. जगात यापेक्षा स्वस्त सजावट नाही.

दाराकडे वळू. फूटपाथला अगदी लागून, भिंतीच्या रेषेत बसवलेलं दार मला आवडत नाही. बाहेर उघडलं तर चालणाऱ्याच्या नाकावर बसतं, आणि जिथे आत गर्दी असते तिथे आगीच्या वेळी सुटका व्हावी म्हणून बाहेर उघडणारं दारच बसवावं लागतं. त्याला उपाय एकच, दार आत घ्यायचं. निदान दाराच्या रुंदीएवढं तरी, जमलं तर थोडं जास्त. एवढ्यासाठी गाळ्याचं दीड-दोन चौरस मीटर क्षेत्र जातं आणि प्रत्येक मालक त्यावरून हुज्जत घालतो. मिळतं काय? छत्री मिटायला जागा. रस्त्यात उभं न राहता फोन घ्यायला जागा. बुटाची नाडी बांधायला, कुणाची वाट बघायला, आत जावं की न जावं हे ठरवायला जागा. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. भिंतीच्या रेषेतल्या दारापाशी माणसाला दोनच गोष्टी करता येतात, आत जाणं किंवा पुढे जाणं. कोनाड्यातल्या दारापाशी तिसरी करता येते, घुटमळणं. कोनाड्याच्या दोन्ही बाजूंच्या काचा तिरक्या लावल्या तर घुटमळणाऱ्याला बघायलाही काही मिळतं आणि गाळ्याची काच सरळ रेषेपेक्षा लांब होते. जुन्या दुकानांनी ही युक्ती इतकी सर्रास वापरली आहे की ती आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

पायरीचा प्रश्न त्याहून अवघड. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी चढायला आपल्याला काही वाटत नाही. चाकाच्या खुर्चीत बसलेल्याला, बाळाची गाडी ढकलणाऱ्याला, गुडघे गेलेल्याला ती भिंत आहे. उताराचं जगभर वापरलं जाणारं प्रमाण एकास बारा. अमेरिकेत १९९० च्या अपंग हक्क कायद्याखालच्या मानकांनीही तेच घेतलं. म्हणजे पंधरा सेंटिमीटरसाठी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब उतार. तो बाहेर काढला तर फूटपाथ खाऊन टाकतो, आणि एकाची सोय करताना दुसऱ्यांची वाट अडते. आत घेतला तर गाळा खातो. म्हणून जोत्याची पातळी ठरवण्याचा क्षण फार मोलाचा. रस्ता उताराचा असेल तर प्रत्येक गाळ्याची फरशी त्या त्या ठिकाणच्या फूटपाथला मिळवून घ्यायची, सगळ्या इमारतीला एकच पातळी द्यायचा हट्ट सोडायचा. हे बांधकाम सुरू व्हायच्या आधी फुकटात होतं. नंतर कितीही खर्च केला तरी होत नाही, मग दाराशी लोखंडी पत्र्याचा एक तुकडा टाकला जातो आणि पावसात त्यावरून माणसं घसरतात.

फिरत्या दाराबद्दल दोन शब्द. फिलाडेल्फियाच्या थिओफिलस व्हॅन कॅनेलला १८८८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि वारा, धूळ, रस्त्यावरचा गोंगाट आत येऊ न देता माणसं आत घ्यायची हा त्यामागचा हेतू होता. उंच इमारतीत ते उपयोगी आहे, यात वाद नाही. पण ज्या दाराची हुशारीच रस्त्याला बाहेर ठेवण्यात आहे, ते चालत्या वस्तीत का बसवावं, हे मला उमगलेलं नाही.

चालता येणारी वस्ती म्हणजे नुसती दुकानं नव्हेत, घरांची दारंही आली. तिथे गणित बदलतं. दुकानाला दिसायचं असतं, घराला दिसायचं नसतं, पण बघायचं असतं. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये रस्त्यावर असलेल्या डोळ्यांबद्दल लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवरच्या आपल्या घराच्या आसपासचं रोजचं येणं-जाणं न्याहाळून. अनोळखी माणसाला रस्ता सुरक्षित वाटतो तो तिथल्या दुकानदारांमुळे आणि खिडकीत बसलेल्यांमुळे, हे त्यांचं म्हणणं आता नगररचनेतल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण खिडकीत बसणारा बसेल तर ना! फूटपाथच्या पातळीवरच्या घराची खिडकी चालणाऱ्याच्या नजरेसमोर येते, म्हणून आतला माणूस पडदा लावतो, तो वर्षभर काढत नाही, आणि घर असूनही ती भिंत मुकी होते. फरशी साठ-नव्वद सेंटिमीटर उचलली की आत बसलेल्याला रस्ता दिसतो आणि रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही. पडदा निघतो. न्यूयॉर्कच्या जुन्या रांगेतल्या घरांच्या उंच पायऱ्यांनी हेच साधलं, वर पायऱ्यांवर बसायची सोय झाली ती वेगळी.

आणि उचललेली फरशी म्हणजे पुन्हा पायऱ्या. इथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात आणि मला त्यावर निर्विवाद उत्तर सापडलेलं नाही. उतार मागच्या बाजूने द्यावा असं सुचवलं जातं. पण एखाद्याला कायम मागच्या दाराने घरात जायला लावणं बरं नव्हे. त्यापेक्षा फरशी समपातळीत ठेवून घर फूटपाथपासून दीड-दोन मीटर मागे घ्यावं, मधल्या पट्टीत एक बाक, दोन कुंड्या, कमरेएवढी भिंत. उंचीचं काम अंतर करतं, अगदी तितकं चोख नसलं तरी.

टोलेजंग इमारतींत तर हा प्रश्नच पुसून टाकलेला असतो. खाली गाड्यांचे दोन मजले, त्यावर घरं, आणि शंभर कुटुंबांना मिळून एक काचेचं प्रवेशद्वार. कॅनडातल्या व्हँकुव्हरने १९९० च्या दशकात याला चांगला तोडगा काढला. उंच मनोरे बारीक आणि मागे, त्यांच्या पायथ्याशी रस्त्याला लागून दोन-तीन मजली घरांची रांग, आणि त्या प्रत्येक घराला रस्त्यावर स्वतःचं दार. मनोऱ्यात राहणारे उद्वाहनाने जातात, पण रस्त्याने चालणाऱ्याला भेटतात ती दारं, पायऱ्या, कुणी बाहेर ठेवलेली सायकल. मनोरा वर आहे हे विसरायला होतं.

पाट्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. लंडनमध्ये दुकानांच्या लोंबत्या पाट्या इतक्या जड झाल्या होत्या की १७१८ मध्ये ब्राइड लेनमधली एक पाटी घराची दर्शनी भिंतच घेऊन कोसळली आणि चौघांचा जीव गेला. १७६० च्या दशकात त्या काढून भिंतीला सपाट बसवायला लावल्या. ब्राझीलच्या साओ पाउलोने २००७ पासून जाहिरातफलकांवर सरसकट बंदी घातली आणि दुकानाच्या पाटीचं क्षेत्र त्याच्या तोंडाच्या रुंदीवर बांधलं. दहा मीटरपेक्षा अरुंद तोंडाला फक्त दीड चौरस मीटर. जपानच्या क्योटोने त्याच वर्षी छपरावरच्या आणि उघडझाप करणाऱ्या पाट्या बंद केल्या. मला यात एक फरक महत्त्वाचा वाटतो. या शहरांनी पाटी केवढी आणि कुठे, हे सांगितलं. आपली पाटी कशी असावी हे दुकानदारावर सोडलं. सुशोभीकरणाच्या नावाखाली अख्ख्या रस्त्याला एकाच रंगाच्या, एकाच अक्षराच्या पाट्या लावतात तेव्हा नेमकं उलटं होतं. न्हावी, औषधवाला आणि कुलपं विकणारा एकाच वळणाच्या अक्षरांत बोलू लागतात आणि आपल्याला हवं ते दुकान शोधत आपण दोनदा त्याच्याच समोरून जातो. चालणाऱ्यासाठी खरं तर दोन पाट्या पुरतात. लांबून ओळखू येईल अशी भिंतीला काटकोनात बसवलेली एक छोटी, आणि जवळ आल्यावर वाचायला दारावरची एक. वरची अवाढव्य पाटी मोटारीतून जाणाऱ्यासाठी असते, आणि तो काही थांबत नाही.

भिंतीच्या आणि फूटपाथच्या मधला तो मीटर-दोन मीटर कुणाचा, हा या सगळ्याच्या तळाशी असलेला प्रश्न. इटलीतल्या बोलोन्या शहराने तो तेराव्या शतकातच धसाला लावला. गर्दीमुळे लोक वरचे मजले रस्त्यावर पुढे काढत होते, खाली खांब देत होते. ते पाडण्याऐवजी शहराने १२८८ मध्ये फर्मान काढलं की प्रत्येक नव्या घराला कमानींची पडवी असलीच पाहिजे आणि ज्या घरांना नाही त्यांनी ती जोडावी. बांधायची मालकाने, दुरुस्त ठेवायची मालकाने, जागा मालकाचीच, पण खालून जायचा हक्क सगळ्यांचा. बदल्यात वर खोली मिळते. आज त्या पडव्यांची लांबी ६२ किलोमीटरच्या आसपास आहे आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. माणूस कोरडा राहून शहरभर फिरू शकतो. सौदा इतका स्वच्छ आहे की सातशे वर्षं टिकला.

सगळीकडे असं झालं नाही. सिंगापूरमध्ये ब्रिटिश अधिकारी स्टॅम्फर्ड रॅफल्सने १८२२ च्या आराखड्यात प्रत्येक दुकानाला सलग, छत असलेला व्हरांडा सोडायला सांगितलं. पाच फुटी वाट म्हणून तो पुढे ओळखला जाऊ लागला. सावली मिळाली, पाऊस चुकला, आणि दुकानदारांनी हळूहळू माल त्या वाटेत मांडला. १८८८ मध्ये पालिकेने तो हटवायला घेतला तेव्हा शहरात दंगल उसळली. मला दोन्ही बाजू कळतात. बाहेर मांडलेली टोपली, पुस्तकांचा ठेला, दोन खुर्च्या यांनीच तर दर्शनी भागाला जीव येतो. आणि त्यांनीच वाट अडते. एखादी बारीकशी खूण पुरते, फरशीतली वेगळ्या रंगाची एक ओळ. तिच्या अलीकडे दुकानदाराने काय करावं ते त्याने बघावं, पलीकडे दोघांना शेजारी शेजारी चालता यावं. ओळ आखणं सोपं, ती रोज पाळली जाते का हे बघायला मात्र कुणीतरी रोज तिथून चालत जावं लागतं.

रात्रीचंही थोडं बघितलं पाहिजे. दिवसा उत्तम दिसणारा रस्ता रात्री नऊनंतर पत्र्याचा होतो. भरीव शटरं खाली आली की काच, माल, पाटी सगळं संपतं आणि पत्र्यावर रंगवलेली अक्षरं तेवढी उरतात. जाळीचं शटर काचेच्या आतल्या बाजूने बसवलं आणि एक दिवा चालू ठेवला, तर फूटपाथवर उजेड पडतो. रस्त्यावरच्या उंच खांबापेक्षा हा उजेड चेहऱ्याच्या उंचीवरून येतो, समोरून येणारा माणूस ओळखू येतो. वर कुणी राहत असेल तर आणखी उत्तम.

शेवटी रिकाम्या गाळ्यांबद्दल, कारण या साऱ्या उत्साहाचा तोच सर्वांत वाईट परिणाम आहे. दुकानांनी रस्ता जिवंत होतो हे कळल्यावर नियम करणाऱ्यांनी प्रत्येक नव्या इमारतीच्या तळमजल्याला दुकानं सक्तीची करायला सुरुवात केली. वस्तीत तेवढं गिऱ्हाईक नसतं. मग काचांना आतून कागद लागतात, दाराशी पत्रकं साचतात, आणि बंद पडलेल्या दुकानांची रांग साध्या भिंतीहून उदास दिसते. दुकानं थोड्या लांबीत, एकाला लागून एक अशी दाटीने, शक्यतो चौकाच्या कोपऱ्यांपासून सुरू करावीत. कोपऱ्यावरच्या गाळ्याला दोन रस्त्यांची तोंडं मिळतात, दार कोपरा छाटून तिरकं बसवता येतं आणि दोन्हीकडून येणाऱ्याला ते सापडतं. बाकी लांबीत घरं, कार्यशाळा, दवाखाने, शिकवण्या, काहीही चालेल, प्रत्येकाला रस्त्यावर आपलं दार असलं म्हणजे झालं. आज जिथे राहतात तिथे वीस वर्षांनी कुणी दुकान काढील, आज जिथे दुकान आहे तिथे कुणी राहायला येईल. त्यासाठी तळमजला साडेचार मीटर उंच ठेवावा आणि फरशी फूटपाथला मिळवून. दारं, काचा, पाट्या, छज्जे हे सगळं पुढे कुणीही बदलू शकतं. या दोन गोष्टी मात्र पाया खणतानाच ठरवाव्या लागतात.